इथे आहे काय?

सकाळपासून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. अभ्रे बदलले, खुर्च्या दोनदा हलवल्या. धाकटीचं लग्न ठरवायला राजधानीतली मंडळी येणार होती. असं स्थळ म्हणजे नशीबच. खालच्या पाववाल्याचा धंदा चोख, स्वभाव गरीब, तरी तो अजून बिनलग्नाचा. गावातच राहणाऱ्याला मुलगी कोण देणार? गेला तो शहाणा, राहिला तो नालायक, अशी रीतच पडली होती.

धाकटी नगरपालिकेत नगररचनाकार होती. आजवर गावाचा आराखडा राजधानीत बसून कोणीतरी आखायचं. गावातली गिरणी बंद पडल्यावर राजधानीने इथल्या कचेऱ्या तिकडे हलवल्या, मग प्रसूतिगृहही. यंदा पहिल्यांदाच गावाला स्वतःचा आराखडा करायचा हक्क मिळाला होता.

चहा झाल्यावर मुलाची आई म्हणाली, "लग्नानंतर तिकडेच यायचं, हे काही वेगळं सांगायला नको."

"सांगायला हवं," धाकटी म्हणाली. "माझं काम इथे आहे. ते सोडून मी येणार नाही."

मुलाचे वडील हसले. "अगं, पण इथे आहे काय?"



आईने सवयीने धाकटीला डोळ्यांनी दटावलं. तेवढ्यात आतल्या खोलीत सून खोकली आणि आईची नजर तिकडे वळली. राजधानीच्या वाटेवर, रुग्णवाहिकेतच, सुनेचं बाळ गेलं होतं. तेव्हा आईने लोकांसमोर दैवालाच बोल लावला होता.

"इथे काही नाही, खरंय," आई म्हणाली. "सगळं तिकडेच नेलं. आता मुली तेवढ्या उरल्यात. माझी नाही येणार."

पाहुणे उठून गेले. हातचं स्थळ आपणच घालवलं, हे दिवसभर आईला कुरतडत राहिलं.

संध्याकाळी बंद गिरणीच्या आवारात आराखड्याची सभा होती. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आई सुनेला घेऊन पुढे बसली.

"पहिलं काम कोणतं धरायचं?" धाकटीने विचारलं.

बाळ गेल्यापासून आज पहिल्यांदाच उंबरा ओलांडलेली सून उभी राहिली.

"बाळंतपणाचा दवाखाना."

"मान्य असेल त्यांनी हात वर करा," धाकटी म्हणाली.

आईचा हात वर गेला. मग पाववाल्याचा. बाकीचे अजून एकमेकांकडे बघत होते.