बोर्ड रिकामा आहे

मित्रांनो, मी एक जुना बोर्ड आहे, आणि स्वभावाने भित्रा आहे. लाकडाला कसली आली आहे भीती, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याने करवत जवळून पाहिली आहे तो असं म्हणणार नाही. मला जेव्हा जेव्हा नवं काम मिळालं, तेव्हा आधी करवत आली, नाहीतर हातोडा आला. अंगावर काटा येण्याची सोय माझ्याकडे नाही, नाहीतर तो कायमचाच उभा राहिला असता.

जन्मतः काही मी बोर्ड नव्हतो. आधी मी एका लाकडी होडीच्या कडेची फळी होतो. माझ्या एका अंगाला माणसं पत्ते कुटत बसलेली असायची आणि दुसऱ्या अंगाला थेट समुद्र. त्यांचं जगणं आणि बुडणं यांच्यामध्ये फक्त माझी जाडी होती. हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. त्यामुळे ती मजेत असायची आणि मी धास्तावलेला असायचो.

होडी म्हातारी झाली तेव्हा तिला गोदीत आणून मोडलं. माझे बरेचसे भाऊबंद चुलीत गेले. मला एका सुताराने बाजूला काढलं, रंधा मारला, आणखी दोन फळ्या जोडल्या, पाय ठोकले आणि टेबल केलं. हे टेबल गोदीच्या बोर्डिंगात मांडलं. कामगार तिथे राहत आणि तिथेच जेवत. जहाजांचे नकाशे काढणारे एक गृहस्थही तिथेच जेवायला येत. त्यांना सगळे नकाशेमास्तर म्हणत. जेवताना बोलू नये असं त्यांना लहानपणी कोणी सांगितलं नसावं. माझ्या नावाची जन्मकथा मी त्यांच्याच तोंडून ऐकली.

“बोर्ड म्हणजे मुळात फळी बरं का,” ते सांगत. “साधी फळी. जुन्या काळी इंग्रज लोक फळ्या मांडून त्यावर जेवायचे, म्हणून टेबलाला बोर्ड म्हणायला लागले. मग टेबलावरच्या जेवणालाच बोर्ड म्हणायला लागले. म्हणून आपलं हे बोर्डिंग.”

“म्हणजे मास्तर, मी इतकी वर्षं फळी शिजवतोय?” आचारी म्हणाला.

“कधी कधी लागतं खरं तसंच,” मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले.

मग मास्तरांची गाडी थांबायची नाही. टेबलाभोवती बसून कारभार करणारी मंडळी, तेही बोर्ड. तुमची परीक्षा घेणारं बोर्ड त्याच घराण्यातलं. पत्ते खेळताना ज्याचे हात टेबलाच्या वर दिसतात त्याचा खेळ सचोटीचा, म्हणून इंग्रजीत सरळ व्यवहाराला ‘बोर्डाच्या वर’ म्हणतात. कपबशांची फळी ती कपबोर्ड; तिला दारं पुढे कधीतरी लागली, पण नाव तेच राहिलं. एका फळीच्या जिवावर माणसांनी केवढा संसार थाटला, हे ऐकून मला माझा जरा अभिमानही वाटायचा.

पण एकदा ते म्हणाले, “जहाजाच्या कडेलाही बोर्डच म्हणतात. तो शब्द मुळात वेगळा होता की फळीचाच सख्खा भाऊ, यावर पंडित अजून भांडतात. दोघे दिसायला इतके सारखे की लोकांनी एकच करून टाकले. माणूस बोर्डावर आला, म्हणजे जहाजाच्या कडेच्या आत आला. आपल्या माणसांत आला.”

“आणि बोर्डावरून गेला म्हणजे?” कोणीतरी विचारलं.

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. “म्हणजे कडेवरून पाण्यात गेला,” ते म्हणाले.

मी होडीची फळी होतो, मला ते वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. माझं नाव मला आवडायचं, पण त्या दिवसापासून मला त्याची थोडी भीतीही वाटायला लागली.

पुढे टेबलाचे पाय कुजले. मला सोडवून, काळा रंग फासून, शिकाऊ कामगारांसाठी माझा फळा केला. तोही बोर्डच. मग गोदीत लोखंडी जहाजं दुरुस्तीला यायला लागली आणि एका सकाळी माझ्या छातीवर ओळीने खिळे ठोकले. प्रत्येक घावाला वाटायचं, आता आपण चिरलो. चिरलो नाही. मी बिल्ल्यांचा बोर्ड झालो.

ते काम काय असतं ते सांगतो. जहाजाच्या पोटात मोठमोठ्या लोखंडी टाक्या असतात. आत काळोख, एकामागे एक कप्पे, आणि कप्प्यातून कप्प्यात जायला माणूस जेमतेम वाकून जाईल एवढं भोक. टाकीला वरून एकच तोंड. आत उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला माझ्या खिळ्याला अडकवायचा आणि वर आला की काढून घ्यायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस आत आहे. सगळे खिळे मोकळे झाले की बिल्ल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या काकू मोठ्याने ओरडत, “बोर्ड रिकामा!” मग फिटर टाकीचं झाकण नट आवळून बंद करी. काकूंचा आवाज असा की पलीकडच्या धक्क्यावरची माणसंही मागे वळून बघत.

माझ्यावर सगळ्यांचा फार विश्वास होता. साहेब लोक पाहुण्यांना आणून मला दाखवत. “हा बोर्ड खोटं बोलत नाही,” असं म्हणत. कौतुक कोणाला नको असतं? पण मला आतून बरं वाटायचं नाही. मी बिल्ले धरतो, माणसं धरत नाही, हे यांना कोण सांगणार?

त्या गोदीत एक गमतीचा रिवाज होता. जो घरी जाताना आपला बिल्ला माझ्यावर विसरेल, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा. माणसं हसत हसत चहा पाजायची, पण हसत हसत टाळायचीही. कोणी बिल्ला विसरून गेलाच, तर त्याचा दोस्त काकूंची नजर चुकवून तो गुपचूप काढून घ्यायचा. ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा, असा नियम होता खरा. पण दोस्तासाठी एवढं करायला कोणाला वाईट वाटेल?

आता भाऊजींबद्दल सांगतो. भाऊजी वेल्डर होते. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ तिथेच फिटर होता. तो त्यांना भाऊजी म्हणायचा, म्हणून साऱ्या गोदीचेच ते भाऊजी झाले, अगदी त्यांच्या दुप्पट वयाच्या काकूंचेसुद्धा. आणि फिटरला सगळे मेव्हणा म्हणत. भाऊजी कामाला चोख, पण विसराळू. चहा पाजून पाजून बिचारे मेटाकुटीला आले होते.

सुट्टीचा आदला दिवस होता. मला त्या दिवशी जहाजावरच, टाकीच्या तोंडाशी, लोखंडी कठड्याला बांधलं होतं. आतलं काम संपलं होतं. झाकण लावून टाकीत पाणी भरायचं आणि कुठे पाझरतं का ते बघायचं, एवढंच उरलं होतं. सगळ्यांना घराची ओढ लागली होती. भाऊजी वर आले, पाणी प्यायले आणि काकूंना म्हणाले, “शेवटच्या कप्प्यातला जोड एकदा हाताने चाचपून येतो.” काकूंनी मान हलवली. भाऊजी बॅटरी घेऊन परत आत उतरले. बिल्ला त्यांनी काढलाच नव्हता, कारण ते परत आतच जाणार होते. त्या दिवशी ते काहीही विसरले नव्हते.

मग काकू सामानाच्या खोलीला कुलूप लावायला गेल्या. तेवढ्यात मेव्हणा आला. भाऊजींना पाणी पिताना त्याने लांबून पाहिलं होतं, परत उतरताना पाहिलं नव्हतं. माझ्यावर एकच बिल्ला लटकत होता. तो बघून मेव्हणा गालात हसला.

“पुन्हा विसरले! ताईने लवकर बोलावलं म्हणून पळाले वाटतं,” तो स्वतःशीच म्हणाला. त्याने इकडेतिकडे बघितलं, बिल्ला काढला आणि खिशात टाकला.

मित्रांनो, तो बिल्ला निघाला तेव्हा मला जे वाटलं ते करवतीखालीही वाटलं नव्हतं. खिळा मोकळा होता आणि माणूस आत होता. मला तोंड नव्हतं.

काकू परत आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओरडल्या, “बोर्ड रिकामा!” भाऊजी वर येऊन बिल्ला घेऊन गेले, असंच त्यांना वाटलं. बोर्ड रिकामा म्हटल्यावर आत डोकावून हाक कोण मारतो? मेव्हण्याने झाकण बसवलं, पाना घेऊन एकेक नट आवळला, काकूंना “येतो” म्हणाला आणि शिट्टी वाजवत खाली गेला. पंपवाल्याने पंप सुरू केला.

पंपाचा आवाज कानठळ्या बसवणारा. माणसांना त्यात काही ऐकू येईना. पण मी लोखंडी कठड्याला बांधलेला होतो, आणि लोखंडातून मला खालचं कळत होतं. आधी पाण्याचा लोट. मग धडपड. कोणीतरी कप्प्याकप्प्यांतून पाण्याला रेटत येत होतं, आदळत होतं, पुन्हा उठत होतं. मग शिडीचा थरकाप. आणि मग झाकणाखाली अगदी जवळून ठक, ठक, ठक. वेल्डरची छोटी हातोडी होती ती. मी थरथरत होतो. काकू मला सोडायला आल्या, माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “या पंपाने मेलं सगळंच हलतंय.” आणि माझी दोरी सोडायला लागल्या. एक गाठ सुटली. दुसरी सुटत नव्हती. काकू, ऐका हो, काकू, असं मी किती म्हटलं असेन. लाकूड जेवढं म्हणू शकतं तेवढं म्हटलं.

तेवढ्यात जहाजाच्या बाहेरच्या शिडीवरून मेव्हणा वर आला. तो धावत नव्हता, धडपडत होता. चेहरा पांढराफटक. हातपाय धुवायच्या जागी भाऊजींचा घरी जायचा शर्ट खुंटीवर तसाच होता, हे नंतरच्या बोलण्यातून मला कळलं. तेव्हा तो नुसता ओरडत होता.

“पंप! काकू, पंप बंद करा! भाऊजी आत आहेत!”

“अरे, बोर्ड रिकामा—”

“बिल्ला मी काढलाय!”

काकू अशा ओरडल्या की पंपवाल्याने कोणतंही बटण दाबायच्या आधी वायरच उपटली. सगळं एकदम शांत झालं. त्या शांततेत खालून एकदाच ठक झालं आणि मग थांबलं.

“भाऊजी!” काकूंनी झाकणावर तोंड टेकवून हाक मारली. उत्तर नाही. “भाऊजी हो!” उत्तर नाही. मेव्हणा नट सोडवत होता. पाना पुन्हा पुन्हा निसटत होता. “मी काय केलं, मी काय केलं,” एवढंच तो म्हणत होता. पंपवाला धावत आला, त्याने दुसरा पाना लावला. काकू हाक मारतच राहिल्या. मी त्या नटांकडे बघत होतो. मला वाटलं, आता उघडून काही उपयोग नाही.

आणि मग खालून, अगदी बारीक आवाज आला. “आहे.”

झाकण सरकलं. पाणी हनुवटीच्या वर पोचलं होतं, आणि भाऊजी शिडीच्या वरच्या पायरीवर चवड्यांवर उभे राहून, चेहरा वर करून, झाकणाखालच्या उरलेल्या हवेत श्वास घेत होते. प्रत्येक हाकेला ओ द्यायला त्यांच्याकडे श्वासच नव्हता. तिघांनी मिळून त्यांना वर ओढलं. ते कठड्याला, माझ्याच अंगाला पाठ टेकून बसले. त्यांच्या ओल्या पाठीतून हुडहुडी माझ्यात येत होती, की माझी त्यांच्यात जात होती, मला सांगता येणार नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आपल्या मोकळ्या खिळ्याकडे पाहिलं.

“माझा बिल्ला कुठाय?”

मेव्हण्याने मूठ उघडली. खिशातून काढलेला बिल्ला त्याने इतका घट्ट धरला होता की तळहातावर त्याचा गोल उमटला होता.

“चहा वाचवायला काढला, भाऊजी,” तो म्हणाला.

भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“ताईला काय सांगणार होतास रे?” त्यांनी विचारलं.

मेव्हणा तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. काकूंनी त्याला उठवलं नाही. त्याही पदराने डोळे पुसत होत्या. मी लाकूड आहे, माझ्याकडे आसवंही नाहीत आणि पदरही नाही.

भाऊजी पुन्हा कामावर आले. पण पहिले काही दिवस बिल्ला हातात घेऊन ते माझ्यासमोर नुसते उभे राहायचे. अडकवायचे नाहीत. मेव्हणा शेजारी येऊन उभा राहायचा. मग दोघे बरोबरच आपापले बिल्ले लावायचे आणि बरोबरच उतरायचे. चहाचा रिवाज बंद झाला, कोणी बंद न करताच. आणि मी पूर्ण रिकामा असलो तरी मेव्हणा झाकण लावायच्या आधी स्वतः खाली उतरतो, शेवटच्या कप्प्यापर्यंत जातो, हाताने सगळं चाचपून येतो. नवे कामगार त्याची टिंगल करतात. तो करू देतो.

आता माझी रवानगी अडगळीत होणार आहे. माझ्या जागी दिव्यांचा नवा बोर्ड येतोय. माणूस आत गेला की लाल, बाहेर आला की हिरवा. मला त्याचा हेवा वाटत नाही. मला त्याची भीती वाटते, कारण लोक त्याच्याकडे जेव्हा बघतील, तेव्हा माझ्याकडे बघायचे त्याच विश्वासाने बघतील, आणि त्यालाही माझ्यासारखंच तोंड नसेल.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्ही कुठे ना कुठे एखादं झाकण लावाल, एखादं दार बंद कराल, एखादं यंत्र चालू कराल. तेव्हा समोरचा बोर्ड काहीही सांगत असला, तरी आत वाकून एकदा हाक मारा. आणि हाक मारून लगेच वळू नका. जरा थांबा. आतल्या माणसाला उत्तर द्यायला वेळ लागतो.