दुपारी मिटणारं प्लॅस्टिक

चामटोलीच्या तुळशीला बंगल्यावरच्या कामातली एकच गोष्ट सोसत नव्हती: कमळांना साबण लावणं.

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या भावेशशेटने गावाबाहेर बंगला बांधला होता. पुढ्यात निळ्या लाद्यांचं तळं केलं, त्यात नारिंगी मासे सोडले आणि वर प्लॅस्टिकची दहा गुलाबी कमळं तरंगत ठेवली. शेट आणि त्याची बायको करिष्मा यायचे फक्त रविवारी. बाकी आठवडा बंगला तुळशीच्या हाती. शनिवारी ती कमळांवरचं शेवाळ ब्रशने घासायची, साबणाने धुऊन ती उन्हात वाळत घालायची. नेमकी त्याच वेळी शेजारची गोजरबाई कुंपणापाशी उगवायची.

"तुलशे, झाली का गं कमलांची आंगोल? पावडर लावलीस का?"

संध्याकाळपर्यंत हे सगळ्या आळीत पोचलेलं असायचं.

एका सोमवारी तुळशी गावच्या तलावात उतरली आणि कमळासारख्याच दिसणाऱ्या कमोदाचा एक कंद घेऊन आली, गुलाबी कळीसकट. फुटक्या माठात चिखल भरून तिने तो लावला आणि माठ शेटच्या तळ्यात बुडवला. एक प्लॅस्टिकचं कमळ पंपाच्या खोलीतल्या पोत्यात गेलं.

"शेटला कललं तर?" तिचा नवरा चंदर म्हणाला.

"शेटला मेथी कंची नि कोथिंबीर कंची ते कलत नाय," तुळशी म्हणाली.

रविवारी सकाळी फूल मस्त उमललेलं होतं. शेटने त्याच्या शेजारी बसून चहा घेतला, फोटो काढले. काही लक्षात आलं नाही. जेवणं झाली, तीनच्या सुमाराला करिष्मा ओरडली, "भावेश, हे बघ, हे बंद झालंय!"

"बंद कसं होईल? प्लॅस्टिक आहे ते."

"मग ये ना इकडे, बघ."

शेटने बघितलं. वाकून बघितलं, चष्मा पुसून बघितलं. मग झाडू मारणाऱ्या तुळशीकडे वळला. "तुळशीबाई, तुम्ही काही केलं काय?"

"म्या? म्या तं साबन लावते, शेट." झाडू जराही थांबला नाही. "माल भारीतला असंल. ऊन उतरलं का मिटत असंल."

शेटची छाती फुगली. त्याने तिथूनच दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर. "अरे, वो कमल में से एक अपने आप बंद होता है! बाकी के क्यों नहीं होते?"

दुकानदार मुरलेला होता. "नया माल है, सेठ. थोडी धूप लगने दो. धीरे धीरे सब चालू हो जाएगा."

तुळशी पदर तोंडात कोंबून बंगल्यामागे पळाली.

आता दुकानदाराचा शब्द खरा करायचा तर तिलाच तलावात उतरायला हवं होतं. दर आठवड्याला दोन-तीन कमळं 'चालू' होत गेली. शेट दर रविवारी मोजायचा आणि खूश व्हायचा. गावातले माठ संपले तेव्हा चंदरने रंगाचे जुने डबे आणून दिले.

महिन्याभरात दहाही झाली. त्या रविवारी करिष्माने तुळशीला स्वयंपाकघरात गाठलं. "तुळशीबाई, प्लॅस्टिकवर मधमाशी बसते का हो?"

तुळशीला खोटं काही सुचेना, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. करिष्मा ओट्याला धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "त्याला एवढ्यात सांगू नका हं," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी त्याने पाहुणे बोलावलेत."

पाहुणे आले. शेटने सगळ्यांना तळ्याभोवती खुर्च्या मांडून बसवलं. "तीन वाजता बघा. बटण नाही, काही नाही."

फुलं एकेक करून मिटू लागली. टाळ्या पडल्या. शेटची मावशी मात्र उठली. "बॅटरी कुठे असते रे याची?" म्हणत तिने एक फूल ओढलं. हातभर लांब देठ निथळत वर आला, आणि त्याला चिकटलेली गोगलगाय तिच्या साडीवर पडली.

चहाचा ट्रे हातात घेऊन तुळशी जागीच थिजली. काम गेलं, हे तिने मनाशी धरलंच.

"किती खरी आहेत?" शेटने विचारलं.

"सगली, शेट."

"आणि साबण?"

"उरला तो कापडांना वापरला."

करिष्माला हसू आवरेना. तिचं बघून मावशी हसली, मग पाहुणे. कानापर्यंत लाल झालेला शेट शेवटी तळ्याच्या काठावर बसला आणि पोट धरून हसू लागला. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाला, "कुठून आणलीत? मला पण एक लावायचंय. माझ्या हाताने."

तासाभरात भावेशशेट पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चंदरच्या मागोमाग गावच्या तलावात होता. काठावरून गोजरबाई ओरडत होती, "शेट, पाय उचलू नका, सरकवा!" शेटने नेमका उचलला आणि सरळ पाण्यात बसला. पण कंद हातातून सोडला नाही.

तो त्याने स्वतः लावला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तुळशीला फोन. "कळी आली?"

"नाय शेट, नुसतं पान हाय."

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, पाण्याखालून कळी वर आली. शुक्रवारी फोन आला तेव्हाही तुळशी म्हणाली, "पानच हाय, शेट." रविवारी त्याची त्यालाच दिसू दे, असं तिने ठरवलं होतं.