बोरखेडे बुद्रुक

"अभिमन, आपलं गाव कथं गयं?"

पितांबर नानांनी टोपीतून दुधाची पावती काढून मुलाच्या टेबलावर ठेवली. पावती त्यांच्या बोरखेडे बुद्रुकच्या दूध केंद्राची होती. वर मात्र ठसठशीत छापलं होतं, बोरखेडे खुर्द. नदीच्या अल्याड बुद्रुक, पल्याड खुर्द, आणि दोन्ही गावांना एकमेकांची फजिती म्हणजे सणच.

"बठ्ठा खुर्दवाला हासतस माले. पितांबरना पोऱ्यानी गावच पुसी टाकं म्हनतस."

ब्याण्णव साली जळगावच्या या डेअरीत संगणक आला आणि त्याच्यापाठोपाठ अभिमन नोकरीला लागला. तेव्हापासून नाना पारावर ऐटीत बसत. या पावतीने त्यांचं पारावर जाणंच बंद केलं होतं.

"तुम्ही घर जा नाना, मी करस नीट."

"नीट व्हत नही तवलोंग मी गावमा जावाव नही," म्हणत नानांनी भिंतीकडच्या बाकावर बैठक मारली.

अभिमनकडे प्रोग्रॅम लिहून देणारा एक तयार प्रोग्रॅम होता. त्याला गावाचं नाव सांगितलं, की तो त्या गावाच्या पावत्यांचा प्रोग्रॅम बनवून गावाच्याच नावाने ठेवून देई. एकट्या बुद्रुकचा बनवला, तर पावती बरोबर निघे. सगळ्या गावांचे एकदम बनवले, की बुद्रुकच्या जागी खुर्द हजर. दुपारपर्यंत अभिमनने ओळ न् ओळ तपासली. बाप समोर बसलेला, त्यामुळे बिचाऱ्याला धड चिडताही येईना.

हिशेब विभागातल्या बेबाबाईंनी नानांना चहा दिला. "कोणत्या गावचे तुम्ही, नाना?"

"बुद्रुकना."

"म्हणजे बोरखेडे ना?"

"बोरखेडे ते दोन्हीस्नं शे, बाई. आम्ही बुद्रुकना."

अभिमनचा हात थांबला. त्याने बनलेल्या प्रोग्रॅमांची नावं पडद्यावर काढली. बोरखेडे एकच होतं. संगणक नावाची पहिली आठच इंग्रजी अक्षरं ठेवत होता, आणि 'बोरखेडे' लिहायला नेमकी आठ लागत. पुढचं शेपूट कापलं जाई, आणि यांचं गाव तर शेपटातच होतं. आधी बुद्रुकचा प्रोग्रॅम बने, मग खुर्दचा येऊन त्याच नावाने त्याच्या जागी बसे. अभिमनला हसू आवरेना. जन्मभर ऐकलेली गोष्ट त्याला आज कळली होती.

शेपटाचं पहिलं अक्षर नावाच्या सुरुवातीला आणून बसवायला फार वेळ लागला नाही. दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी उभे राहिले. नानांनी नवी पावती घेतली, चष्मा लावला आणि 'बुद्रुक'वरून बोट फिरवलं.

"खुर्दनी बी बराबर निंघनी का?"

"निंघनी."

"मंग तीबी दे. जाता जाता देई टाकसू त्यासले."

अभिमन त्यांना स्टँडवर सोडायला गेला. धुळ्याच्या गाडीत कंडक्टरने विचारलं, "बोरखेडे कोणतं, नाना?"

नानांनी हातातल्या दोन्ही पावत्यांकडे पाहिलं.

"दोन्ही," ते म्हणाले. "तिकीट बुद्रुकनं दे."