पिंकीच्या हातचा नारळ

नारळी पौर्णिमेच्या सकाळी अर्नाळ्याच्या देवळात कीर्तन रंगात आलं होतं. कीर्तनकार सदानंदबुवांचं लक्ष मात्र खांबाआड बसलेल्या पिंकीकडे होतं. समुद्राला नारळ वाहायचा मान तिच्या घराचा, आणि घरात तो धाकट्या सुनेचा. गेल्या वर्षी नव्या नवरीने, पिंकीने, मोठ्या हौसेने नारळ वाहिला, आणि पुढे लाटा अशा उसळल्या की होड्या किनाऱ्यावरच बसून राहिल्या. तेव्हापासून सासू ऐकवायची, "हिचा हात लागला नि पानी खवळलं." यंदा नारळाला शिवणारच नाही, असं पिंकीने सांगून टाकलं होतं.

बुवांची भाची स्वप्ना लाटांच्या उंचीचा अभ्यास करते. नालासोपाऱ्याच्या घरी तिच्याकडून धडा घोटूनच ते पूर्वरंगाला उभे होते.

"मंडळी, आपल्या दारातली लाट कुठली? काही इथल्या वाऱ्याची. काही मात्र पार दक्षिण ध्रुवाकडच्या वादळातून निघते आणि दिवसचे दिवस चालत येते. तिकडे पॅसिफिक महासागर काही वर्षं तापतो, मग निवतो. त्याने कूस बदलली की इथले वारे बदलतात, आणि लाटा कुठे चढतात, कुठे उतरतात. असे फेरे वर्षानुवर्षं चालतात. एवढा पसारा तो जगन्नियंता सांभाळतो," बुवांनी चिपळ्या वाजवल्या, "आणि तुम्ही म्हणता, आमच्या पिंकीच्या मनगटाने केलं?"

देऊळ हसलं. सासू हसली नाही. "मंग यंदा लाटा लहान का मोठ्या, ता सांगा."

एवढं बुवांनी घोटलेलं नव्हतं. त्यांनी बायकांत बसलेल्या स्वप्नाकडे पाहिलं.

"मामा, वर्षाचा कल सांगता येतो," ती म्हणाली. "अमुक दिवशीची लाट नाही. होडी काढायची ती रोजचा अंदाज बघूनच."

"म्हंजे तुमालाबी ठाव नाय," सासू म्हणाली.

"नाही बाई," बुवा म्हणाले. "पण पोरीचा दोष नाही, एवढं पक्कं ठाऊक आहे."

खांबाआड पिंकीने डोळे पुसले.

दुपारी सोनेरी कागदात सजवलेला नारळ घेऊन ती निघाली. "बुवा, तुम्ही जवळ उभे राहा हां," एवढंच म्हणाली. वाजतगाजत सगळे पाण्याशी आले. तिने वाकून नारळ सोडला, हात जोडले, आणि पुढच्याच लाटेने तो परत तिच्या पायांशी आणून टाकला.

बँड थांबला. पिंकीचा चेहरा पडला.

सासू पुढे आली, तिने नारळ उचलला आणि ती सुनेकडे वळली.

"आगो, घोटाभर पान्यात सोडलास, तर परत येनार नाय तं काय करनार तो? पोहत जानार?" तिने पदर खोचला. "चल म्होरं. माजा हात धर."

दोघी हातात हात घालून कमरेइतक्या पाण्यात शिरल्या. चार हातांनी नारळ सोडला, तोच एका लाटेने दोघींना डोक्यापासून भिजवलं. पिंकी खदखदून हसायला लागली.

"बुवा," तोंडातलं खारं पाणी थुंकत सासू ओरडली, "ही कुठची म्हनायची? पॅसिफिकची?"

"ही आपल्या घरची," बुवा म्हणाले, आणि धोतर सावरत, नामाचा गजर करत तेही पाण्यात शिरले.