बंद केल्यावरही येणारा आवाज

“हे वाच,” म्हणत विश्वजीतने आपला लॅपटॉप विशाखाच्या टेबलावर ठेवला. “पैसे मोजून पण अशी जाहिरात मिळणार नाही आपल्याला.”

स्क्रीनवर एका खेळाडूचा अभिप्राय होता. ‘गेम बंद केला तरी आतली बाई बोलते. मोबाईल बंद केला तरी बोलते. आता माझ्या बहिणीचं नाव घेते. कंपनीने तिकडून बंद करावी ही विनंती. सोमनाथ, फर्दापूर.’ पाच तारे दिलेले. खाली लोकांनी हसणारे चेहरे ओतले होते. कुणी लिहिलं होतं, ‘आमच्याकडं पण बोलते भावा, भांडी घासून देते का विचार.’

“पोस्टरवर हेच टाकू,” विश्वजीत म्हणाला. “बंद केला तरी बोलते. बास. दुसरं काही लिहायचं नाही.”

विशाखा हसली नाही. तिने तो मजकूर पुन्हा वाचला.

उस्मानपुऱ्यातल्या एका इमारतीत, दातांच्या दवाखान्याच्या वर त्यांचं ऑफिस होतं. माणसं मोजकीच. विश्वजीतने कर्ज काढून ‘जुना वॉर्ड’ नावाचा गेम बनवला होता. ओस पडलेलं वेड्यांचं इस्पितळ, त्यात अडकलेला एक तरुण, आणि बंद दाराआडून त्याच्याशी बोलणारी एक बाई. सगळा गेम मराठीत, त्यामुळे गावोगावची पोरं खेळत होती. विशाखाचं काम लोकांचे अभिप्राय वाचायचं आणि उत्तरं द्यायचं. ‘हातपाय गार पडले.’ ‘हेडफोन लावून खेळू नका, बाप उठतो.’ ‘भुतं कमी करा, वेडे वाढवा.’ ‘शेवट लई खतरनाक.’ दिवसभर ती हे वाचायची, आभार मानायची आणि संध्याकाळी छावणीतल्या घरी जायची.

घरी आई पारूबाई असायची आणि थोरला भाऊ अतुल. अतुलबद्दल ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं तर ती म्हणायची, त्याला मणक्याचा त्रास आहे, तो घरीच असतो. अतुलचं लपवून ठरवलेलं तिचं लग्न ते कळल्यावर मोडलं होतं. तेव्हापासून तर पारूबाईने घरातली ही गोष्ट उंबऱ्याच्या आत ठेवली होती.

अतुलचं सुरू झालं ते कूलरपासून. पॉलिटेक्निकला होता तेव्हा तो. कूलरमधून कुणीतरी माझं नाव घेतंय, म्हणायचा. सगळे हसले. मग वडिलांनी त्याच्या समाधानासाठी कूलर भंगारवाल्याला देऊन टाकला. म्हणाले, घे, काढला त्याला घराबाहेर. अतुल थोडे दिवस शांत झाला. पुढे आवाज भिंतीतून यायला लागला, आणि त्याने एकच अर्थ काढला: बापाला तो माणूस ठाऊक होता, बाप त्याला सामील आहे. वडील वारले तोवर त्याने त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही.

“याचा नंबर आहे आपल्याकडे?” विशाखाने विचारलं.

“वेगळी तक्रारही पाठवलीय त्याने, तीत दिलाय. का?”

“हा गंमत करत नाहीये.”

“अगं, पोरं लिहितात असं. लाइक्स मिळतात.”

“बहिणीचं नाव घेते म्हणतोय तो, विश्वजीत. गेममध्ये बहीण नाहीच कुणाची.”

तिने नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर कुणीतरी उचलला. आधी नुसता वारा ऐकू आला.

“सोमनाथ बोलतोय का? मी विशाखा. जुना वॉर्ड गेमच्या ऑफिसातून.”

“मॅडम.” आवाज कोवळा होता, आणि फार दमलेला. “तुम्ही फोन केला, लई बरं झालं. बंद करा ना तिला. पाच स्टार दिले मी. अजून काय लिहू सांगा, लिहितो.”

विशाखाने फोन स्पीकरवर टाकला. शेजारच्या टेबलावर श्रेया चित्रं काढत बसली होती, तिने हात थांबवला. दाराआडच्या बाईला आवाज तिनेच दिला होता.

“तू आत्ता कुठं आहेस, सोमनाथ?”

“हाटेलावर.”

“कुठल्या हॉटेलवर?”

“ते बांधता बांधता सोडून दिलं ना, लेणीच्या रस्त्याला. नुसते खांब हायेत, दारं नायत. गेममधल्यावानीच हाय, मॅडम. मी गच्चीवर आलोय. इथनंच ना, दार?”

ज्या शेवटाची सगळे वाखाणणी करत होते तो असा होता: इस्पितळातून सुटायचं दार गच्चीच्या कडेला होतं. खेळाडूने तिथून उडी मारली की अंधार व्हायचा आणि मग उजाडलेलं घर दिसायचं. 

“सोमनाथ, गच्चीवर नक्की कुठं उभा आहेस?”

“कडंला. ती म्हनती सायलीला आत घेणार. सायली माझी बहीण. मी गेलो तर तिला सोडणार.”

श्रेया उठून जवळ आली. “मी बोलते त्याच्याशी,” ती कुजबुजली. “सांगते ना, तो माझा आवाज आहे. बाई वगैरे कुणी नाहीच.”

विशाखाने फोनवर तळवा ठेवला. “नको. तुझा आवाज ऐकला की त्याला वाटेल ती खरंच आली.” तिने श्रेयाचा हात क्षणभर दाबला आणि तळवा काढला. “सोमनाथ, घरी कोण कोण असतं?”

“आई. सायली कॉलेजला गेली. आई टपरीवर हाय.”

“कुठं आहे टपरी?”

“फाट्यावर. सारजाबाईची टपरी म्हनलं की कुनी बी सांगंल.”

विशाखाने विश्वजीतकडे पाहिलं. तो आधीच दुसरा फोन घेऊन गॅलरीकडे निघाला होता. काचेच्या दाराआडून त्याचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. फर्दापूरच्या एका लॉजचा नंबर त्याने शोधला होता आणि मालकाला सांगत होता, फाट्यावरच्या सारजाबाईंना घ्या, गाडी काढा, पण वर जाताना आरडाओरडा करू नका.

“मॅडम,” सोमनाथ म्हणाला, “तुम्हाला ऐकू येती का ती? आत्ता बोलतीय बघा.”

होय म्हटलं असतं तर त्या बाईचं सगळंच खरं ठरलं असतं. नाही म्हटलं तर आपण त्याला खोटं पाडणाऱ्यांपैकी एक ठरलो असतो. आणि बंद केली आम्ही तिला इथून, असं सांगावं, तर डोळ्यांसमोर भंगारवाल्याच्या हातगाडीवरून जाणारा तो कूलर येत होता.

“नाही,” ती म्हणाली. “मला नाही ऐकू येत. पण तुला येतंय ते मला माहीत आहे. आणि फार भीती वाटत असणार तुला.”

पलीकडे नुसता वारा. श्रेयाने टेबलाची कड धरली होती.

“सगळे म्हनतेत नाटकं करतो,” सोमनाथ शेवटी म्हणाला. “आई म्हनती मोबाईल फोडते.”

“माझ्या भावाला पण आवाज येतात.”

श्रेयाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. विशाखाने पाहिलं नाही.

“खरं सांगताय, ताई?” मॅडमची ताई झाली होती.

“खरं सांगते. अतुल नाव त्याचं. माझ्यापेक्षा मोठा आहे.”

“मग त्याला दार सापडलं का?”

“दार नाही रे सापडलं. डॉक्टर सापडला. आधी एक बरा नव्हता, मग दुसरा. गोळ्या आहेत. सुरुवातीला झोप फार यायची, हात कापायचे. आता तेवढं नाही.”

“आवाज गेला?”

इथेही तिला खोटं बोलता आलं असतं. “येतो कधी कधी,” ती म्हणाली. “पण आता तो त्याला घाबरत नाही. म्हणतो, बस तू तिकडं कोपऱ्यात, मला जेवू दे.”

“काय जेवतो?”

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. “आज भाकरी आणि वांग्याची भाजी. सकाळीच केलीय आईनं. तू काही खाल्लंस का?”

“काल काय तरी खाल्लं व्हतं.”

“मग तुला चक्कर येईल, सोमनाथ. उन्हात उभा आहेस. एक काम कर माझं. कडेपासून मागं सरक आणि खांबाला टेकून खाली बस. मी फोनवरच आहे. बसलास की सांग मला.”

“ती नको म्हनती.”

“म्हणू दे तिला. तू तिच्याशी भांडू नकोस. तू फक्त बस.”

काही ऐकू येईना. विश्वजीत दारात येऊन उभा राहिला, कानाला फोन तसाच. ओठ हलवून त्याने सांगितलं, निघालेत. खाली दवाखान्यात दात कोरायचं यंत्र सुरू झालं आणि श्रेयाने दचकून डोळे मिटून घेतले. विशाखा फोनकडे बघत राहिली. पलीकडून चप्पल घासल्याचा आवाज आला. मग खडे घरंगळल्यासारखा.

“सोमनाथ?”

“बसलो.”

तिने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

मग ती बोलत राहिली. तो काय काम करतो ते विचारलं. लेणी बघायला येणाऱ्या लोकांना स्फटिकाचे दगड विकतो, तो म्हणाला. बाहेरून साधा धोंडा असतो, ताई, आत चमकतो. कुठला दगड महाग, कुठला लोक नुसता हातात घेऊन ठेवून देतात, तो सांगत होता. मधेच गप्प व्हायचा, कुणाचं तरी ऐकल्यासारखा, आणि ती हळूच त्याचं नाव घेऊन त्याला परत आणायची. दोनदा तो म्हणाला, जाऊ का आता. दोन्ही वेळा ती म्हणाली, थांब, तुझं ऐकायचंय मला अजून.

एकदम त्याच्या मागे पावलं वाजली. दम लागलेला, खोल श्वास ऐकू आला. आता कुणी ओरडू नये, एवढंच तिला वाटत होतं.

“सोम्या,” बाईचा आवाज आला, अगदी हळू. “मी हाय रे. आई. हितं तुझ्यापाशी बसते.”

“आई, तू हाटेलात कशाला आली? तुला बी धरंल ती.”

“धरू दे. बसते मी.”

बांगड्या वाजल्या. नंतर कुणीतरी फोन उचलला, लॉजचा माणूस असावा. तो म्हणाला, “मॅडम, धरलंय त्यांनी त्याला. हळूहळू खाली नेतो.” आणि फोन बंद झाला.

श्रेया बाथरूममध्ये गेली, बराच वेळ नळ चालू होता. विश्वजीत समोरची खुर्ची ओढून बसला.

“तो शेवट मी लिहिलाय,” तो म्हणाला. “किती खूश होतो मी.”

“तू कुणाला मारायला नाही लिहिलास.”

“आणि तुझ्या भावाचं... कधी बोलली नाहीस.”

“काय सांगणार होते? इथं आपण वेडे वाढवा, वेडे कमी करा, असं बोलत असतो दिवसभर.”

त्याने मान खाली घातली. तिला ते बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं होतं, आणि ते परत घ्यावंसंही तिला वाटलं नाही.

त्याच आठवड्यात विश्वजीतने गेमचा शेवट बदलला. आता गच्चीवर दार नव्हतं. खेळाडू जिन्याने खाली यायचा, फाटकाशी कुणीतरी त्याची वाट बघत उभं असायचं. लोकांना आवडलं नाही. ‘आधीचा शेवट परत आणा.’ ‘सगळी मजा घालवली.’ ‘लहान पोरांचा गेम केला.’ तारे भराभर उतरले. विशाखा प्रत्येकाचे आभार मानत राहिली. पोस्टर निघालं नाही.

सारजाबाईंशी ती फोनवर बोलायची. पहिल्यांदा बोलल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमचे उपकार हायेत, ताई. पर डॉक्टरचं नगं. येड्याच्या दवाखान्यात नेलं म्हनल्यावर गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हायची नाय. सायलीचं लगीन व्हायचंय.”

“माझं पण व्हायचं होतं, मावशी,” विशाखा म्हणाली. “लपवून पण मोडलंच.”

“कुठं यायचं म्हनता?” सारजाबाईंनी विचारलं.

त्या सोमनाथला घेऊन आल्या तेव्हा शहरातल्या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत गर्दी होती. विशाखा अतुललाही बरोबर घेऊन आली होती, त्याचीही तपासणी होतीच. सोमनाथ उंच, बारीक, दाढी वाढलेला. त्याने तिला ओळखलं ते ती बोलल्यावर. मग तो अतुलकडे पाहत राहिला.

“तुम्हीच का ते, वांग्याच्या भाजीवाले?”

“हा,” अतुल म्हणाला, आणि जरा सरकून त्याने बाकावर जागा केली. दोघं शेजारी बसले. अतुलचा पाय सतत हलत होता, सोमनाथचाही.

सारजाबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता आणि मुलाच्या पुढे अशा उभ्या होत्या की येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं तोंड दिसू नये. विशाखाने त्यांना बसायला सांगितलं, तर त्या नको म्हणाल्या.

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातला एक म्हातारा दुसऱ्या वॉर्डाकडे जाता जाता थांबला. फर्दापूरचे आप्पासाहेब होते ते, सारजाबाईंच्या टपरीवर रोज चहाला बसणारे.

“सारजाबाई? हितं कशा? कोन आजारी हाय?”

सारजाबाईंचा हात पदराकडे गेला. विशाखाला वाटलं, आता त्या काहीतरी जुळवून सांगतील, कुणा नातेवाइकाचं नाव घेतील. आपल्या आईने आयुष्यभर तेच केलं होतं. ती दुसरीकडे बघायला लागली, त्यांना मोकळेपणाने खोटं बोलता यावं म्हणून.

“माझा सोमनाथ,” सारजाबाई म्हणाल्या. “डोक्याचं दुखनं हाय त्याला. आवाज येतेत. दवा चालू करायचीय.”

आप्पासाहेबांनी सोमनाथकडे पाहिलं, मग दाराच्या वरच्या पाटीकडे. “बरं,” ते म्हणाले. आणि निघून गेले.

सारजाबाई तशाच उभ्या होत्या. मग त्या मुलाच्या पुढून बाजूला झाल्या, बाकाच्या टोकाला त्याच्याशेजारी बसल्या, आणि पिशवीतून कंगवा काढून सगळ्यांदेखत त्याचे केस विंचरायला लागल्या.