माहेरी गेलेला पानडबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी पानडबा आहे. जुना म्हणतो खरा, पण मी घडायला अजून अठ्ठेचाळीस वर्षं जायची आहेत. तुमच्या हिशेबाने जे व्हायचं आहे ते माझ्या हिशेबाने होऊन गेलं, म्हणून तसंच सांगतो.

अकोल्याच्या बेबीताईने मला घडवलं. तेव्हा पूर्णेच्या दोन्ही काठांत पाण्यावरून लढाई चालू होती. अंजनगावकडच्या लोकांनी जुन्या विहिरी झाकून लपवल्या होत्या आणि त्यांच्यावर ते जगत होते. त्या सापडल्या की अकोल्याचं लष्कर त्यांत विष टाकणार होतं. विहिरी उघड्या होत्या त्या काळात जाऊन नकाशा काढायचं काम बेबीताईच्या लेकीवर, जयवंतावर आलं.

काळ ओलांडायची शक्ती माझ्या तळाच्या कप्प्यात होती. कडी दाबली की मी निघायचो. आधी जयवंताला आणायचं, मग नकाशा न्यायचा, शेवटी तिला परत न्यायचं. माझ्या झाकणात एक सुईही होती. जयवंताचं मन फिरलं तर ती सुई तिकडे खबर देणार होती. हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

वीस वर्षांपूर्वी आम्ही अंजनगाव सुर्जीत उतरलो. महादेवरावांच्या पानमळ्यात ती पानं खुडायला लागली. कोणती विहीर आटत नाही, असं ती विचारी आणि ते हौसेने दाखवत. पुढे तिने त्यांच्याशी लग्न केलं. कामासाठीच केलं होतं. पण ते रोज जेवणानंतर देठ खुडून, शिरा काढून तिला विडा करून देत. विडा घेताना तिचा हात थांबायचा आणि माझी सुई हलायची. मी ती दाबून धरायचो. ज्यांनी मला घडवलं त्यांच्याशी ही बेइमानी होती, हे मला कळत होतं.

अकरा विहिरींचा नकाशा पुरा झाला. तिने तो माझ्यात ठेवला. मी दिसेनासा होणार, म्हणून तिने महादेवरावांना सांगून ठेवलं, "हा डबा माह्या माहेरचा हाय. आज परत धाडाचा हाय." आणि ती पाणी भरायला गेली.

महादेवरावांनी मला उघडलं. आत नुसता कागद. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. त्यांनी कोवळ्या पानांची चवड, कात, सुपारी माझ्यात भरली.

"यातला कागद?" जयवंताने येऊन विचारलं.

"चुलीत घातला. आईले कागद धाडते का कोनी? लोक काय म्हनतीन, जवायाचा पानमळा अन् डबा रिकामा."

नकाशा तिला तोंडपाठ होता. फळीवर वही होती, पेन्सिल होती. ती कितीतरी वेळ पानांकडे बघत बसली. मग तिने झाकण लावलं आणि कडी दाबली.

तिकडे बेबीताईने मला उघडलं. तिच्या काळात एकही पानवेल उरली नव्हती. तिने एक पान हुंगलं, खाल्लं, आणि पोरीचं मन तिकडेच रमलं हे तिला समजलं. पोरगी मेली, असं तिने अधिकाऱ्यांना सांगितलं. सांगताना ती रडली, ते मात्र खोटं नव्हतं. एका खेपेपुरती शक्ती माझ्यात ठेवून बाकी कप्पा तिने साखरेने भरला. वर चिठ्ठी ठेवली, "दिल्या घरी नांद."

मी त्याच दुपारी परत आलो. माझ्यातली शक्ती संपली होती, आता जयवंताला माहेर उरलं नव्हतं. तिने महादेवरावांना सगळं सांगितलं.

"म्हंजे माह्या पानांनं लढाई थांबली?"

"लढाई नाई थांबली. विहिरी वाचल्या."

"मंग बेस झालं. पानं कशी निघाली, काही बोलल्या का सासूबाई?"

जयवंता हसली, मग खूप रडली.

मागच्या वर्षी ती वारली. महिनोन्‌महिने मला कुणी उघडलं नाही. माझं पितळ काळं पडलं. मग परवा त्या अकरांतली मळ्याशेजारची विहीर बुजवायला लोक मलबा घेऊन आले. महादेवराव काठावर जाऊन बसले. "हे नाई बुजवाची," एवढंच म्हणाले, आणि ट्रॅक्टर परत जाईपर्यंत उठले नाहीत.

घरी येऊन त्यांनी मला चिंचेने घासलं. दोन विडे केले. एक खाल्ला, एक माझ्यात ठेवला. आता रोज ठेवतात.

मित्रांनो, तुमच्या गावची जुनी विहीर बुजू देऊ नका. आणि कुणाचं भांडं परत देताना त्यात चिमूटभर तरी साखर घाला. ते कुठे जाऊन उघडेल, सांगता येत नाही.