भिंतीवरचं माप

मित्रांनो, मी एका सुताराच्या खिशातला जुना टेप आहे. मोजायचा, गाणी वाजवणारा नव्हे. कारखान्यात पोलादाची पातळ पट्टी गुंडाळून मला पिवळ्या डबीत बसवलं, तेव्हा माझे आकडे काळेभोर होते. आता सुरुवातीचे पुसलेत. म्हणून आमचे मिस्त्री दहापासून मोजतात आणि शेवटी दहा वजा करतात. "टेप म्हातारा झालाय, पण खोटं बोलत नाही," असं ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे. मला तेवढं पुरायचं.

आम्ही दोघांनी आयुष्यभर लोकांची घरं मोजली. स्वतःचं मात्र नव्हतं. मिस्त्री, त्यांची बायको आणि मुलगी भाड्याच्या एका खोलीत राहायची.

एके दिवशी चष्मेवाल्या साहेबांचा निरोप आला. त्यांच्या घरातली झाडून सगळी कपाटं आम्हीच केलेली. ते घर आता विकायचं होतं, ओळखीतल्याला, जरा स्वस्तात.

"अहो, कागद कुणा जाणकाराला दाखवूया ना," बायको म्हणाली.

"अगं, त्या घरातला खिळा न् खिळा मी ठोकलाय. कागद काय बघायचे? आणि वीजबिल त्यांच्याच नावावर आहे, पाहिलं मी."

सुतारच करू जाणे अशी ही चूक. ज्याने कपाटं करून घेतली, रंग निवडला, मजुरी चुकती केली, तोच घराचा धनी असं ते धरून चालले. साध्या करारावर सह्या झाल्या. नोंदणी पुढच्या महिन्यात करू, असं साहेब म्हणाले. मिस्त्रींची सगळी बचत गेली, बायकोने शिवणकामातून साठवलेलंही गेलं. किल्ली तेवढी मिळाली.

नव्या घरात मुलीच्या अभ्यासाच्या टेबलासाठी मिस्त्री भिंत मोजत होते. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला होतो. तेवढ्यात एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं. "हे घर माझं आहे. मी परदेशात असते. धाकट्या भावाला नुसतं राहायला दिलं होतं."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, दहा वजा केले, आकडा पेन्सिलीने भिंतीवर लिहिला आणि मला सोडून दिलं. मी खटकन डबीत गेलो. आत बायकोने गॅस बंद केला, पुन्हा पेटवला, पुन्हा बंद केला. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलंही नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, मित्रांनो. खरं सांगतो, काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. वरातीमागून घोडं! कारकुनाने नोंद काढली. नाव त्या बाईंचंच होतं. समोरचा चहा गार व्हायच्या आत काम झालं. साहेबांचा फोन बंद. तक्रार झाली, खटला चालू आहे. बाई भल्या होत्या, सामान हलवायला सवड दिली.

जुन्याच खोलीत परतल्यावर मिस्त्री जेवायचे, झोपायचे, कामाला जायचे. माझं कौतुक मात्र थांबलं. मुलगी एकदाच म्हणाली, "बाबा, टेबल राहू दे." ते "हं" म्हणाले.

परवा एका जोडप्याने बोलावलं. घर पसंत पडलं होतं, व्यवहार व्हायचा होता, पण कपाटांची मापं आत्ताच हवी होती.

"विकणाऱ्याचं नाव नोंदणी कार्यालयात जाऊन पाहिलंत?" मिस्त्रींनी विचारलं.

नवरा हसला. "मिस्त्री, तुम्ही सुतार की वकील?"

"सुतारच. मी न बघता घेतलं होतं. गेलं."

नवऱ्याचं हसू ओसरलं. बायकोने पर्स उचलली. "चल, आधी ते बघून येऊ," ती म्हणाली.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही घर घ्याल. भिंती मोजा, नळ सोडून बघा, खिडक्या उघडून बघा. पण त्याआधी ते घर कुणाचं आहे, हे सरकारी नोंदीत बघा. मला लांबी कळते, रुंदी कळते. मालक कळत नाही. नोंद नंतर बघितली तरी तेच नाव दिसतं, पण तोवर घर गेलेलं असतं.